हिंगणीचा तो मुलगा

हिंगणघाटजवळच्या माझ्या मुलाच्या खासगी शाळेत रग्बीचा सामना होता. शाळेच्या संघात सात खेळाडू, सातही शिष्यवृत्तीवर खेड्यांतून आणलेले. फी भरणारी मुलं गालांना शाळेचा रंग फासून बाकांवर ओरडत होती. मी मोजली, दोनशे दहा भरली. त्यांत माझाही होता.

शेजारी हिंगणीहून आलेला एका खेळाडूचा बाप उभा होता. सगळे चेंडू पाहत होते, तो मुलाचे गुडघे. मुलगा पडला की बाप टोपी काढायचा, मुलगा उठला की घालायचा.

"एवढे काऊन घाबरता?" मी विचारलं.

"गुडघा शाबूत हाये तवर शिष्यवृत्ती हाये, भाऊ. तुमच्या पोराचा गळा बसला तर त्याले शाळेतून काढतेत का?"

त्याच्या मुलानं गुण मिळवले. माइकवर मुख्याध्यापक गरजले, "आपल्या शाळेचा वाघ!"

पुढच्याच झटापटीत तो पडला आणि उठला नाही. टोपी हातातच राहिली.

माइकवरून सूचना आली, "हिंगणीच्या त्या मुलाचे पालक आले असल्यास त्यांनी त्याला घेऊन जावं."

बाप बोडक्यानंच मैदानात गेला. बाकांवर घोषणा पुन्हा सुरू झाल्या. माझ्या मुलाचा गळा शाबूत होता.