गाव बघायला आलेली डॉक्टरीण

माझा 'म' मगरीचा नव्हता, मागणीचा होता. बाबा चळवळीत. आमच्या घरात बसायला जागा कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. त्या गठ्ठ्यांवर बसून मी जेवले आणि त्यांच्यावरूनच वाचायला शिकले. त्यामुळे आजही मी कुणाला साधं पत्र लिहायला घेतलं, तरी तिसऱ्या ओळीत 'आम्ही मागणी करतो की' येतंच. मैत्रिणी हसतात. हसू देत. मागितल्याशिवाय या देशात कुणाला काय मिळालंय?

आमचं गाव आष्टी तालुक्यात, तळेगावच्या बाजारावर जगणारं. वांगी, मिरची आणि सांभार, म्हणजे बाहेरचे लोक जिला कोथिंबीर म्हणतात ती. गावात सरकारी आरोग्य केंद्र आहे. इमारत धड आहे, औषधांचं कपाट आहे, सिस्टर आहेत. डॉक्टरांची खुर्चीही आहे. नव्हते ते फक्त डॉक्टर. दुसऱ्या केंद्राचे डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत, तेही जमलं तर. बाकीचे दिवस सिस्टर एकट्याच. भिंतीवरच्या फळ्यावर 'वैद्यकीय अधिकारी' असं रंगवलेलं आणि पुढे नाव लिहायला मोकळी जागा. तिथे कुणीतरी खडूने फूल काढून ठेवलं होतं. ते इतके दिवस राहिलं, की पुसायला कुणाचा हात होईना.

मला डॉक्टर हवा होता तो माझ्या काकीसाठी. काकी म्हणजे आमच्या बचत गटाची अध्यक्ष, वांग्यांची राणी आणि माझी पहिली विरोधक. आदल्या वर्षी ती वांग्यात चक्कर येऊन पडली होती. बीपी निघालं. गोळ्या सुरू झाल्या आणि पाकीट संपल्यावर तिने आपल्या मनाने बंदही केल्या. पुन्हा विचारायला जावं तर डॉक्टर कधी असतील याचा भरवसा नाही, आणि बाजाराचा दिवस तर कुणासाठी थांबत नाही.

अशात सिस्टरनी सांगितलं की वर्ध्याहून चार इंटर्न येणार आहेत. डॉक्टरकी शिकून झालेली, वर्षभर प्रत्यक्ष काम शिकणारी मुलं. पंधरा दिवस गावात राहून घरोघरी आरोग्याची पाहणी करणार. इंटर्नशिप संपली की त्यांना एक वर्ष ग्रामीण भागात काम करायचं असतं आणि कोणतं केंद्र हवं, ते त्यांनी पसंतीक्रमाने लिहून द्यायचं असतं.

पसंती! मी त्याच दुपारी पत्रक लिहिलं.

त्यात मी काही लपवलं नाही. डॉक्टर नाही, रात्री-बेरात्री गाडी मिळत नाही, बाया दुखणं अंगावर काढतात, म्हाताऱ्यांची गोळी संपली की संपली. शेवटी ठळक अक्षरांत: 'डॉक्टर गावात येतो तो त्याग नव्हे. जिथे काम आहे तिथे कामाचा माणूस असणं, एवढंच ते आहे.' या वाक्यावर मी आजही ठाम आहे. गावात येणाऱ्या डॉक्टरला देव करून ठेवलं, की न येणाऱ्या बाकीच्यांना माणूस म्हणून मोकळं सुटता येतं.

तळेगावला जाऊन झेरॉक्स काढल्या आणि शाळेपासून ग्रामपंचायतीपर्यंत सगळीकडे चिकटवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी एकही पत्रक जागेवर नव्हतं.

काकी अंगणात मिरच्यांच्या पुड्या बांधत होती. पुड्यांवर माझं पत्रक.

"काकी, हे काय?"

"कागद चांगला हाये. जाड हाये."

"पत्रक फाडलं तुम्ही?"

"फाडलं नाई. सोडवलं." तिने पुडीला गाठ मारली. "काऊन वं, तुले गावाची इज्जत काई वाटते का नाई? पोरगी पाहाले पाव्हणे येतेत, तवा आपन दारावर लिवून ठेवतो का, का पोरगी घोरते म्हनून?"

"हे लग्न नाही, काकी. ते डॉक्टर आहेत."

"डॉक्टर झाले म्हनून काय झालं? पाव्हणेच हायेत. पसंत पडलं पायजे का नाई? दुखण्याचं गाव कोनाले पसंत पडन?"

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी आयुष्यभर सत्ता हलवायचा प्रयत्न केला होता. आपल्या भावजयीपुढे ते चष्मा पुसायला लागले.

बचत गटाने त्या संध्याकाळी ठराव केला. लेखी नाही, पण आमच्याकडे तोंडी ठराव जास्त पाळला जातो. अंगणं सारवायची, पोरांची नाकं पुसायची, आणि कुणी काही विचारलं तर गाव एकदम बेस आहे म्हणायचं.

इंटर्न आले. त्यातली एक डॉक्टरीण आमच्याकडे राहिली. नाशिककडची, बारीक चणीची, कामाला वाघीण. पहिल्याच दिवशी जेवताना तिने मला सरळ सांगून टाकलं, "पसंतीक्रमात काय लिहायचं ते मी ठरवलंय. जिथे काम असेल तिथे जाणार. नुसतं खुर्चीत बसून वर्ष काढायचं नाही मला."

मला तिला मिठी मारावीशी वाटली. पण मारली नाही, कारण मला ठराव माहीत होता.

पाहणी सुरू झाली. काय सांगू! घरोघरी तर्री-पोहे, चहा, पेरू. आणि प्रश्नाला एकच उत्तर.

"आजी, काही त्रास?"

"काई नाई, माय. एकदम बेस."

"खोकला वगैरे?"

"खोकला कोनाले म्हनतेत?" असं म्हणणारा म्हातारा डॉक्टरणीची पाठ वळेपर्यंत खोकला तोंडात धरून बसला होता, आणि ती कोपऱ्यावर वळल्यावर असा काही खोकला की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. काकीने तर कमालच केली. गुडघे धरलेले असताना ती डॉक्टरणीसमोर मांडी घालून बसली आणि भिंतीला हात न लावता उठली. डॉक्टरीण बाहेर पडल्यावर आतून हळूच आवाज आला, "ये वं लवकर. मले धर." बीपी मोजू का विचारलं, तर म्हणाली, "माह्यं मोजून काय करतं? तिकडच्या घरचं मोज. थे लोकं जाडे हायेत."

तिकडच्या घरी नेमकं त्याच वेळी कुलूप होतं.

मी काही बोलू शकत नव्हते असं नाही. बोललेच. पण माझं बोलणं पत्रकासारखं निघायचं आणि समोर ताट, पोहे, हसरे चेहरे. सिस्टरही चक्रावल्या. म्हणाल्या, "माझ्या रजिस्टरमध्ये ही सगळी आजारी आहेत हो. पाहणीत सगळी पैलवान कशी झाली?"

बाराव्या दिवशी डॉक्टरीण आमच्या ओट्यावर कागद लावत बसली होती.

"तुमचं गाव फार छान आहे," ती म्हणाली. "खरंच. पण मी दुसरं केंद्र टाकणार पहिलं. इथे माझी गरज दिसत नाही."

मग मी सुटले. गोळ्या, गाडी, चक्कर, खुर्ची, फळ्यावरचं फूल, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "तुझ्यावर विश्वास ठेवू की एवढ्या सगळ्या घरांवर?" तिने विचारलं. "तू सांगतेस ते खरं असेल. पण मी भाषणावर औषध देऊ शकत नाही."

राग आला. खूप आला. मुख्य म्हणजे ती बरोबर होती म्हणून आला.

दुसऱ्या दिवशी तळेगावच्या बाजाराची आदली सकाळ होती. काकीच्या वावरात हिरव्या मिरचीचा तोडा होता. मी डॉक्टरणीला म्हटलं, चल, गाव बघितलंस, आता वावर बघ. डोक्यात योजना अशी काहीच नव्हती. घरात बसून पुन्हा भांडण झालं असतं, एवढंच.

आमच्याकडे तोडणीचा एक नियम आहे. वावरात आलेल्या बाईने बांधावर उभं राहून बघायचं नाही. आलीस ना, मग पात धर. पात म्हणजे झाडांची एक ओळ. ती ओळ तुझी. शेवटपर्यंत तोडत न्यायची. कलेक्टर आली तरी तिला पात धरावी लागेल, असं काकी म्हणते.

"डॉक्टरीणबाई, नखं कापले का?" काकीने विचारलं.

"हो. का?"

"काई नाई. पात धरजो."

हिवाळ्याचं कोवळं ऊन होतं. बायांचे हात चालू होते आणि हातांपेक्षा तोंडं. डॉक्टरीण वाकून मन लावून तोडत होती. अर्धी पात झाली असेल. तिच्या कपाळावर केस आले आणि तिने मिरचीच्या हाताने ते मागे सारले. डोळ्याला हात लागला. मग दुसऱ्या डोळ्याला, पहिल्याचं पाणी पुसता पुसता.

ती मटकन खाली बसली. डोळ्यांतून धारा.

आधी सगळ्या बाया पोट धरधरून हसल्या. मग तितक्याच वेगाने धावल्या. एकीने पाण्याची कळशी आणली, एकीने स्वतःच्या लुगड्याचा कोरडा पदर दिला. काकीने तिचं डोकं मागे धरून डोळ्यांवर पाणी सोडलं. "चोळू नोको. डोये उघडे ठेव. पाणी जाऊ दे." मग डॉक्टरणीच्या हातांची आग व्हायला लागली, तेव्हा कुणाच्या तरी शिदोरीतलं ताक आलं. बोटं ताकात बुडवून, डोळे लाल करून ती धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसली. एखाद्या पोट्टीसारखी दिसत होती.

तिला बरं वाटावं म्हणून एक आजी म्हणाली, "रडू नोको, माय. तुह्ये डोये संध्याकाळपावतर बरे होतीन. माह्या तं या डोयानं सा महिने झाले दिसतच नाई."

"दिसत नाही?" डॉक्टरीण म्हणाली.

"धुकं दिसते नुसतं."

"अवं, डोयाचं काय घेऊन बसली," दुसरी म्हणाली, "मले तं लघवीले बसाची भीती वाटते, एवढी आग होते. कोनाले सांगाव? येनारे डॉक्टर बाप्या मानूस."

"माह्या हाताले मुंग्या येतेत."

"मले रात्री दम लागते."

तिला धीर देण्याच्या नादात सगळ्यांची दुखणी बाहेर पडली. पाहुणीसमोर कुणी तोंड उघडलं नव्हतं. पण रडणाऱ्या पोरीसमोर आपलं दुखणं सांगणं हा आमच्याकडचा सांत्वनाचा मार्ग आहे. तुझं थोडं आहे, माझं बघ.

डॉक्टरणीने ताकातून बोटं काढली. "थांबा," ती म्हणाली, "एकेकीने. आणि मला कुणीतरी लिहून द्या, मला अक्षर दिसत नाहीये."

लिहायला मी होते. आयुष्यात पहिल्यांदा मी असा कागद लिहिला ज्यात एकही मागणी नव्हती.

सगळ्यात शेवटी ती काकीकडे वळली. "काकी, तुमचं?"

"माह्यं काय? एकदम—"

"काकी," मी म्हटलं.

काकीने वांग्यांच्या वाफ्याकडे पाहिलं. "मांगच्या साली तिथंसा पडलती," ती म्हणाली. "गोया संपल्या तवापासून नाई घेतल्या. चकरा येतेत. पर पोरीईले सांगत नाई, वावरात येऊ देनार नाईत मले."

संध्याकाळी केंद्रावर बायांची रांग होती. काकीचं बीपी मोजल्यावर डॉक्टरणीने लाल डोळ्यांनीच तिला असं रागावलं, की सिस्टर समाधानाने कपाट उघडायला गेल्या. "मी केव्हाची सांगतेय," असं त्या पाठमोऱ्या म्हणाल्या. आम्ही खुर्ची पुसून दिली होती, पण डॉक्टरीण बसली नाही; वेळच नव्हता. राहिलेले दोन दिवस चौघांनीही पाहणी नव्याने केली. वावरांत, पाती धरून.

निघताना अख्खा बचत गट शाळेपाशी जमला. काकीने डॉक्टरणीच्या हातात सांभाराची जुडी दिली आणि घसा साफ केला. "मंग? गाव पसंत हाये का?"

"घरी जाऊन कळवते," डॉक्टरीण म्हणाली.

सगळ्यांचे चेहरे पडले. 'घरी जाऊन कळवतो' म्हणणाऱ्या पाहुण्यांचा निरोप आजवर कुणाच्या घरी आला आहे? काकी परत येताना एवढंच म्हणाली, "पोरगी चांगली होती. मिरचीत नोको होतं न्यायले."

निरोप आला. काही महिने लागले, पण आला. तिने आमचं केंद्र पहिलं लिहिलं होतं आणि तेच तिला मिळालं, कारण त्या जागेसाठी दुसऱ्या कुणी पसंती दिलीच नव्हती. या गोष्टीचा मला राग यायला हवा होता. त्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशी आला, आणि अजून आहे.

फळ्यावरचं फूल तिनेच पुसलं. पहिल्या दिवशी पहिला नंबर काकीचा.

"काय त्रास, काकी?"

"काई नाई. एकदम बेस," काकी सवयीने म्हणाली.

"बरं. मग मी पात धरू का?"

काकीने मुकाट्याने बाही वर केली.

डॉक्टरणीचं वर्ष संपायला आता चार महिने आहेत. पुढे ती राहील का, मला माहीत नाही. तिला पुढे शिकायचं आहे आणि शिकावंच. म्हणून खुर्ची पुन्हा रिकामी होऊ नये यासाठी आत्ताच हे लिहिते आहे. वैद्यकीय कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींनो, आमच्याकडे या. काम भरपूर आहे. तुम्हाला देव करणार नाही, आणि दुखणं नाही असं म्हणालो तर विश्वास ठेवू नका. नखं कापून या. डोळ्यांना हात लावू नका.

पुढच्या आठवड्यात नवीन इंटर्न येत आहेत. बाजाराच्या आदल्या सकाळी तोडा आहे. काकीने त्यांच्यासाठी चार पाती राखून ठेवल्या आहेत आणि शेजारणीला ताक करायला सांगितलं आहे.