झेंडूखाली गेलेली पाटी

जवळ ये गं. अशी लांब नको बसू. फोनवर तुझा एक कान माझ्याकडे असतो आणि दुसरा ऑफिसच्या मीटिंगमध्ये, हे तुझ्या मावशीला कळत नाही असं समजू नकोस. परवा मी सांगायला लागले आणि तू अर्ध्यातच म्हणालीस, "मावशी, लेट इट गो. इट्स टेक्सस." पुरतं ऐकायच्या आधीच सोडून दे म्हणालीस. काळजीपोटी बोललीस, ठाऊक आहे मला. तरी लागलं. म्हणून आता लिहून पाठवते. कागदाला मधेच तोडता येत नाही.

त्या माणसानं माझ्या पोळपाटावर बंदूक ठेवली. दसऱ्याच्या दिवशी, माणसांनी भरलेल्या दुकानात. आधी मला माझं आडनाव विचारलं. मग ठेवली. आणि मी त्याला सॉरी म्हणाले. हात जोडून म्हणाले.

हात जोडून. लिहितानासुद्धा मान खाली जातेय.

तू दुकान पाहिलेलं नाहीस. शुगर लँडला आमच्या घरापासून गाडीनं थोडंसंच लांब आहे. पुढे वाणसामान, चार टेबलं, चहा-समोसा. मागे स्वयंपाकघर. तिथे मी पोळ्या लाटते. माझा लेक, तुझा दादा, कामावर जाताना मला सोडतो, कारण इथे चालत कुठे जाता येत नाही आणि या वयात मी काही ड्रायव्हिंग शिकणार नाही. घरात एसीचा आवाज ऐकत बसण्यापेक्षा हे बरं, म्हणून मीच हट्टानं हे काम धरलं. मालक शेखर आणि त्याची बायको मेधा. तुझ्यापेक्षा थोडे मोठे. दोघं मला मावशी म्हणायचे.

दारावर पाटी कशी आली ते सांगते. एका दुपारी एक गोरा पोरगा समोसे घ्यायला आला. कमरेला उघडी बंदूक. वागायला सभ्य, थँक्यू मॅम म्हणाला. पण शाळेतून आलेली दोन लेकरं टेबलाशी होमवर्क करत होती, ती गुपचूप टेबलाखाली गेली. कुणी सांगितलं नाही, ओरडलं नाही. शाळेत शिकवतात ना त्यांना, बंदूकवाला आला की काय करायचं ते. तो पोरगा समोसे घेऊन गेला, तरी ती बाहेर येईनात. मेधा रडायलाच लागली. मग शेखरनं पाटी लावली. बंदुकीचं चित्र, त्यावर लाल रेघ, आणि खाली बोटाच्या पेराएवढी अक्षरं. इंग्रजीत, खाली पुन्हा स्पॅनिशमध्ये. कायद्याला तेवढीच मोठी लागतात म्हणे, आणि ती दिसली पाहिजेत. हत्यार घेऊन आत येऊ नका, लायसन असलं तरी.

मी शाळा चौथीत सोडली. पुढचं मराठी माझं मी वाचत गेले आणि इंग्रजी इथे आल्यावर पाट्यांवरून. पुश, पुल, एक्झिट, वेट फ्लोअर. दारावरची ही पाटी म्हणजे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लांब इंग्रजी. कणीक मुरत ठेवली की दारात उभी राहून एकेक शब्द लावायचे.

तुला हसू येईल, पण मला ती पाटी फार आवडायची. आपल्या गावात पिठाच्या गिरणीला पाटी नव्हती. गरजच नव्हती. तुझी आजी जोंधळ्याचं टोपलं उंबऱ्याबाहेर ठेवून उभी राहायची. सगळ्यांचं दळून झालं की मग आपलं. लिहिलेलं काही नव्हतं, तरी निरक्षर बाईला ते वाचता यायचं. इथली पाटी माणसाला परत पाठवत नव्हती. म्हणत होती, ते गाडीत ठेव आणि ये, बस, चहा पी. आम्हाला जात अशी गाडीत ठेवून येता आली असती तर तुझी आजी गिरणीत पहिली शिरली असती. आणि पाटी सगळ्यांना सारखी. गोऱ्यांना, काळ्यांना, आपल्या लोकांना. असं मला वाटायचं.

आता दसरा. आपल्या घरी त्या दिवशी काय असतं ते तुला सांगायला नको. तुझी आजी पांढरं लुगडं नेसायची आणि आम्ही पोरं तिच्या मागं विहारात जायचो. मीही पहाटे वंदना केली, पांढरी साडी नेसले आणि कामावर गेले.

दुकानात शस्त्रपूजन ठेवलं होतं. शस्त्र म्हणजे आपलं वजनकाटा, सुरी, खलबत्ता, शेखरचा लॅपटॉप. मेधा म्हणाली, "मावशी, तुमचा पोळपाट-लाटणं द्या ना, मधोमध ठेवू." मी दिलं. कामाच्या वस्तूला मान मिळतोय, त्यात मला वावगं वाटलं नाही. खरं सांगू, बरं वाटलं.

तिनं दारावर झेंडूच्या माळा सोडल्या. पाटी माळांखाली गेली. मी म्हटलं, "अगं, पाटी झाकली." ती म्हणाली, "असू द्या मावशी, आजच्या दिवशी ते पिस्तुलाचं चित्र कशाला फोटोत." बघ हं. चित्र नको होतं.

मग काका आले. नाव नको लिहायला. सगळे त्यांना काकाच म्हणतात. तेलकंपनीतून निवृत्त झालेले इंजिनिअर, इथल्या मराठी मंडळातले जुने, पहिल्या पिढीतले. नवीन आलेल्यांना घर शोधून देणारे, डॉक्टर गाठून देणारे. चांगला माणूस म्हणतात ना, तसा. झब्बा घातलेला. टेबलापाशी आले, झब्बा वर केला आणि कमरेचं पिस्तूल काढलं.

"खरं शस्त्र आणलंय. तुमच्या सुऱ्या-कात्र्यांची कसली पूजा करता रे, भाजीवाले."

सगळे हसले. मी ताट घेऊन तिथेच उभी होते. लेकरं हसत नव्हती. एक छोटी आईच्या ओढणीत शिरली. मी म्हटलं, "साहेब, ते गाडीत ठेवून या. दारावर पाटी आहे."

"कुठाय पाटी? मला नाही दिसली. दिसली नाही तर लागू नाही, कायदा आहे." सगळ्यांकडे बघून म्हणाले, "झेंडूला बंदी नाही ना?"

पुन्हा हसू. मग माझ्याकडे नीट बघितलं. साडीकडे.

"दसऱ्याला पांढरी साडी, बाई? आडनाव काय तुमचं?"

सांगितलं मी. लपवायचं काय.

"हं," म्हणाले. "गाव?"

तेही सांगितलं.

"हं. म्हणजे तुमच्यात शस्त्रपूजा नसतेच. मग तुम्हाला त्यातलं काय कळणार?"

आवाज चढवला नाही. शिवी दिली नाही. पोरीला पाढा समजावतात तसं समजावलं. सगळ्यांना सगळं कळलं होतं. इंग्रजीत वाढलेली पोरंसोरं सोडली तर एकही माणूस असा नव्हता की ज्याला ते "हं" कळलं नाही. रोज माझ्या हातची पोळी खाणारी माणसं. कुणी वजनकाट्याकडे बघत होतं, कुणी फोनकडे.

शेखर पुढे आला. मला वाटलं, आता हा सांगेल, काका, पाटी मीच लावलीय. तो म्हणाला, "जाऊ द्या काका, त्यांना माहीत नाही." आणि माझ्याकडे वळून, "बाई, सॉरी म्हणा काकांना."

बाई. सकाळी मावशी होते.

आणि मी म्हणाले. भीती वाटली का, विचारशील. वाटली, त्याच्या हातात ते होतं. पण भीतीनं माणूस मागं सरतं. मी मागं सरले नाही, मी वाकले. ताट खाली ठेवलं, हात जोडले, मान वाकवली आणि "सॉरी साहेब" म्हणाले. कंबर आपोआप वाकली गं. मी तिला सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं मी समजत होते की ते वाकणं गिरणीच्या उंबऱ्यात राहिलं. ते माझ्या हाडात होतं, विमानात बसून माझ्याबरोबर आलेलं. त्या माणसाच्या बोलण्याची लाज त्याची त्याला. माझ्या कमरेची लाज मात्र माझी आहे. ती अजून जात नाही.

त्यांनी पिस्तुलातून गोळ्यांचं मॅगझिन काढलं, "रिकामं आहे, घाबरू नका" म्हणाले आणि जागा शोधली. माझा पोळपाट मधोमध होता, सपाट, धुऊन पुसलेला. त्यावर ठेवलं. मेधानं हळदकुंकू वाहिलं. आधी एकदा माझ्याकडे बघितलं. पण वाहिलं तिनं. आरती झाली. फोटो झाले. मग सोनं वाटलं, आपट्याऐवजी कुठल्याशा झुडपाची पानं. एकमेकांना देत होते, पाया पडत होते. माझ्या हातात कुणी पान ठेवलं नाही. विसरले म्हणू या.

काकांनी पिस्तूल उचलून कमरेला लावलं. शेखरनं पोळपाट माझ्या हातात दिला. "बाई, गरम पोळ्या घ्या करायला, पंगत बसवतो."

पोळपाट घेऊन मी आत गेले. कुंकू पुसलं. खाली डाग होता. बंदुकीला लावतात त्या तेलाचा, काळपट, बोटभर लांब. घासला. वास जाईना. मळलेल्या कणकेचा गोळा हातात तसाच. बाहेर ती टेबलाखाली गेलेली लेकरं पंगतीत बसली होती, मला दिसत होती. मी ह्यांना यावर लाटून वाढणार?

गोळा परातीत टाकला आणि बाहेर आले.

"ह्या पोळपाटावर मी लाटणार नाही."

काका पहिल्या पाटावर. वर बघून म्हणाले, "का हो, बाटला की काय?"

आता माणसं मोकळी हसली. माझ्याच जखमेचा विनोद मलाच वाढला. पण बघ, त्या हसण्यानं माझी कंबर ताठ झाली. का, ते नाही सांगता येत.

मी म्हटलं, "बाटत काही नसतं साहेब. ते आम्ही ज्या दिवशी सोडलं तोच हा दिवस, म्हणून तर पांढरी साडी. पण माणूस मारायची वस्तू जिथे ठेवली त्या लाकडावर मी कुणाच्या लेकराची पोळी लाटत नाही."

"मावशी, प्लीज," शेखर म्हणाला. घाबरल्यावर मावशी आठवली.

मी दाराशी गेले. माळा बाजूला केल्या आणि पाटी वाचली. सगळी. मोठ्यानं. माझ्या इंग्रजीत, अडखळत, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत. स्पॅनिश येत नाही, नाहीतर तेही वाचलं असतं.

काका म्हणाले, "प्रोनन्सिएशन सुधारा."

"सुधारते," मी म्हटलं. "तोवर तुम्ही गाडीपाशी जाऊन या."

ते उठले नाहीत. ब्रेडबरोबर श्रीखंड जेवले. माझ्या बाजूनं कुणी बोललं नाही. मी पोळपाट पिशवीत घातला आणि तुझ्या दादाची वाट बघत पार्किंगमध्ये उन्हात उभी राहिले. ऑक्टोबर म्हणतात, पण इथलं ऊन कुठलं ऐकतंय. मेधा पाणी घेऊन आली. पाणी प्यायले मी.

दादाला काही सांगितलं नाही. लाज वाटली. आई परदेशात येऊन हात जोडून उभी राहिली, हे पोराला कुठल्या तोंडानं सांगू? तुलाच पहिल्यांदा सांगायला घेतलं होतं.

काल शेखरचा फोन आला. गोड बोलला. "मावशी, सोमवारी या. तुमच्याशिवाय होत नाही. फक्त काकांना एकदा फोन करा. आणि पाटीचं गिऱ्हाइकांशी तुम्ही बोलू नका, तुम्ही पोळ्या बघा." मी विचारलं, माळा काढल्यास का? म्हणाला, सुकल्यावर काढू.

मी काय ठरवलंय ते ऐक आणि मग मला शिकव. फोन मी करणार नाही. सॉरी एकदा म्हणाले, ती शेवटची. सोमवारी मी जाणार. आधी माळा काढणार, सुकल्या असोत नसोत. मग कणीक भिजवणार. जो कुणी कमरेला ते लावून येईल, त्याला आडनाव न विचारता सांगणार, गाडीत ठेवून ये. काका आले तर काकांना सांगणार. शेखरनं पाटी काढली, तर तोंडानं सांगेन. मला काढलं तर काढू दे. तरी मी दर शनिवारी गिऱ्हाईक म्हणून जाईन, चहा मागवेन आणि दाराजवळच्याच टेबलावर बसेन. भीती वाटेल. वाटू दे. हात मात्र जोडले जाणार नाहीत, एवढं मी या हातांना बजावून ठेवलंय.

तू लेट इट गो म्हणालीस. नाही गं जमणार.

तू ये. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीची वाट बघत बसू नकोस, त्याच्या आधी ये. तिकीट काढलंस की कळव, दादाला विमानतळावर पाठवते. थोडे दिवस माझ्याजवळ राहा. एक दिवस दुकानात माझ्यासोबत बस, मला शेजारी कुणीतरी हवंय. लवकर ये.