ताठ डफ

परवा सदर बाजारात कुणीतरी रस्त्याकडेला जुने कागद पेटवून त्यावर डफ शेकत होतं. तापलेल्या कातड्याचा तो करपट वास नाकात गेला आणि माझे पाय थांबले.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. आमच्या वस्तीच्या मैदानावर लोककलांची संध्याकाळ होती. खडी गंमत या आमच्याकडच्या लोकनाट्यात गणपत गायचा, मी डफ वाजवायचो, वर्षानुवर्षांची जोडी. आयोजक दहा मिनिटं देत होते. मी टेबलावर हात आपटून, भांडून अर्धा तास मिळवला होता.

आमचा पुकारा होण्याआधी गणपत म्हणाला, "डफ सैल वाजून राहिला गा. तापवून आण."

"आत्ताच तर तापवला ना बे!"

"मले शिकवतं का? जा लवकर."

बोटांना कळत होतं, कातडं ताठ आहे. बाजारात मी कुणाच्या शब्दावर साधी वांगीसुद्धा घेतली नाहीत, पण त्याच्या शब्दावर मैदानामागे गेलो. कागद पेटवले आणि पडद्यापलीकडून त्याचा आवाज आला. सोबत तबला वाजत होता.

मी धावलो. मंचाच्या पायरीवर आयोजक चकित झाला. "तुम्ही? तुमची तर तब्येत बरी नाही ना? गणपतरावांनी सकाळीच सांगितलं, म्हणून रेडिओवरचे तबलजी बोलावले."

वर चढून गणपतची गचांडी धरावी असं वाटलं. पण समोर लोक डोलत होते. माझ्यासोबत तो इतका चांगला कधीच गायला नव्हता. वाईट गायला असता, तर मी त्याला केव्हाच माफ केलं असतं.