मुलांच्या उंचीचे देवरे सर

देवरे सरांना मुलांविषयी काही सुचायचं असलं की ते उकिडवे बसत. कुठेही. मीटिंग चालू असो, हातात चहाचा कप असो, खुर्चीतून उठून थेट फरशीवर. मग मान वर करून आम्हाला सांगायचे, "मुलांच्या उंचीवरून बघा. जग केवढं मोठं दिसतं!" आम्ही खुर्च्यांतून खाली वाकून त्यांच्याकडे बघत असू. जगाचं ठाऊक नाही, पण सरांचं टक्कल मात्र तिथून चांगलं दिसायचं.

'टुकटुक मास्तर' हा मुलांना शिकवणारा टीव्हीवरचा कार्यक्रम आम्ही जळगावात तयार करतो. टुकटुक मास्तर म्हणजे चष्मा लावलेला, हातात घालून नाचवायचा बाहुला-पोपट. देवरे सर दिग्दर्शक, शकील कॅमेऱ्यावर आणि संहिता लिहायला मी. पण खरा कार्यक्रम होता तो वंदना अक्कांचा. पोपट त्यांनी केलेला, आवाजही त्यांचाच. अक्का शिंदखेड्याच्या. आईच्या जुन्या हिरव्या लुगड्यातून त्यांनी तो शिवला होता. आमच्याकडे येण्याआधी कितीतरी वर्षं त्या तो हातात घालून शाळाशाळांतून फिरत, बुद्धपौर्णिमेला वस्तीतल्या पोरांना खेळ दाखवत. सरांनी तो एका शाळेत पाहिला आणि अक्कांसकट उचलून आणला. पुढे प्रत्येक मुलाखतीत "टुकटुक मला एका पहाटे सुचला" असं सांगू लागले. अक्का ऐकायच्या आणि पोपटाचा सुटलेला टाका घालत बसायच्या.

या माणसाला मुलांची एवढी ओढ, पण खरं मूल समोर आलं की अंगावर पाल पडल्यासारखा दचकायचा. एकदा एका शाळेची सहल स्टुडिओ बघायला आली. सर आतून कडी लावून बसले. सेटला हात लावतील म्हणाले. बाहेर अक्कांनी व्हरांड्यातच पोपट काढला आणि पोरांना तासभर हसवलं. पोरं गेल्यावर सर बाहेर आले आणि मला म्हणाले, "लिहून घ्या. आपण कार्यक्रम नाही, बालपण बनवतो." मी लिहून घेतलं. मला पगार लिहिण्याचाच होता.

त्यांचं दुसरं वाक्य "सोपं करा." मी संहितेत तापी लिहिली की ते खोडून 'नदी' करायचे. सातपुडा लिहिला की 'डोंगर'. नावांनी मुलं घाबरतात म्हणे. अक्कांचा पोपट सुरुवातीला घरच्या बोलीत "कसा शे रे भाऊ? बठ्ठं बरं शे ना?" म्हणायचा आणि धुळ्याकडची पोरं त्यावर खिदळायची. ते तर सरांनी पहिल्या आठवड्यातच बंद केलं. वास्तविक स्वतः धुळ्याचे. पुण्यात चार वर्षं काढून आले आणि आईशी फोनवरसुद्धा छापील बोलू लागले. सोनगीरच्या किल्ल्यावर भाग केला, तेव्हा मी विचारलं, इथे राजा कोण ते सांगायचं ना? सर म्हणाले, "राजा म्हणजे राजा. सोपं करा." आणि किल्ल्याच्या पायथ्याशी उकिडवे बसून वर बघू लागले. चहाच्या टपरीवरचे एक आबा उठून आले आणि त्यांनी काळजीने विचारलं, "काय भाऊ, पोट दुखस का?" शकीलने कॅमेऱ्यामागे तोंड लपवलं. मी आठवडाभर ते सगळ्यांना सांगत होतो. सरांची टिंगल करण्यात मी पटाईत. त्यांच्या पाठीमागे, अर्थात.

मग केळीचा भाग आला. 'झाड कसं येतं' हा विषय, आणि जळगाव म्हणून केळी घ्यायची असं सरांनी ठरवलं. सेटवर कुंडी ठेवली. पोपट चोचीने काळं बी कुंडीत टाकणार, वरून पाणी घालणार, मग कोंब, मग पानं, मग प्लॅस्टिकचा घड. तालमीत अक्का मध्येच थांबल्या. पोपट हातातून काढला आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, केळीला बी लावत नाहीत. मुनवा लावतात."

आता माझं गाव रावेर तालुक्यातलं. वडिलांची केळीची बाग. मोठ्या झाडाच्या बुडाशी जे पिल्लू फुटतं तो मुनवा, तो काढून लावायचा, हे मला चालता येण्याआधी कळत असेल. आमच्याकडे मुनवे लावतात, कंद लावतात, हल्ली टिश्यूची रोपं लावतात. बी कोणी लावत नाही. शकीलचे मामा फैजपुराकडून केळीचे ट्रक भरतात, त्यालाही ठाऊक. लाइटवाल्याला ठाऊक, झाडू मारणाऱ्या मावशींना ठाऊक. त्या खोलीत हे ठाऊक नसलेला माणूस एकच होता आणि तो उकिडवा बसला होता.

"वंदनाबाई, मुलांच्या डोक्यात बी म्हणजे झाड," सर खालूनच म्हणाले. "त्यात आता मुनवा कुठून आणू? सोपं करा." मग माझ्याकडे वळले. "काय हो, तुम्ही तर केळीवाले. एवढं चालेल ना?"

अक्का माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, "चालेल, सर."

का म्हणालो? सर चिडले की संहिता चार वेळा लिहायला लावायचे, एवढंच. त्याहून मोठं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही. अक्कांनी पोपट परत हातात घातला आणि सांगितलं तसं बोलल्या.

भाग लागला आणि आठवड्याने स्टुडिओत एसटीच्या पार्सलने गोणपाटात बांधलेलं काहीतरी आलं. रावेरकडच्या एका शाळेतून. सोडलं तर आत मातीसकट जिवंत मुनवा, आणि पोरांची चिठ्ठी: 'टुकटुक मास्तर, तुमचं बी उगवलं नसेल. हे लावा.' त्या शाळेच्या गुरुजींनी पार्सल बांधतानाची चित्रफीतही केली होती. ती या फोनवरून त्या फोनवर जात सावद्यापासून साक्रीपर्यंत पोचली. जळगावच्या कार्यक्रमाला केळी येत नाही, म्हणून लोक पोट धरधरून हसले. बरोबरच होतं त्यांचं.

मुंबईची वाहिनी मात्र हसली नाही. त्यांच्या मॅडम दुसऱ्या कामाला धुळ्याला आल्या होत्या, तिथेच एका हॉटेलात त्यांनी सरांना, मला आणि अक्कांना बोलावलं. बी लावायचं हे वाक्य कुणाचं, एवढंच त्यांना हवं होतं. सरांनी घाम पुसला नाही की आवाज चढवला नाही. गोड आवाजात म्हणाले, "वंदनाबाई उत्स्फूर्त बोलतात. खेड्यातली कलावंत, ओघात बोलून गेली. मी त्यांना दोष देत नाही." असा दोष न देणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

अक्का म्हणाल्या, "मॅडम, मी तालमीत सांगितलं होतं. या भाऊंना विचारा. यांनीच लिहिलंय."

मॅडमनी मला विचारलं, मूळ संहितेत काय होतं? संहिता माझ्या पिशवीत होती. समासात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'अक्का म्हणतात, मुनवा. सर म्हणतात, बी.' पिशवी मांडीवर होती. सर माझ्याकडे बघून हलकेच हसले, आपल्या माणसाकडे बघून हसावं तसं.

मी म्हणालो, "आता नक्की आठवत नाही."

पुढचं पाच मिनिटांत उरकलं. अक्कांनी आवाज द्यायचा नाही. पोपट कार्यक्रमाचा, तो स्टुडिओतच राहील. अक्कांनी एकदाच विचारलं, आईच्या लुगड्याचा आहे, तेवढा तरी नेऊ का? सरांनी समजुतीने सांगितलं की टुकटुक आता लाखो मुलांचा आहे. अक्कांनी तो पिशवीतून काढला, चष्मा नीट केला आणि टेबलावर ठेवला. मला त्या क्षणी देवरे सरांची किळस आली. इतकी की वाटलं, आयुष्यात या माणसाचं तोंड बघू नये.

सर आहेत तिथेच आहेत. परवाच त्यांचा सत्कार झाला, शाल-श्रीफळ, आणि व्यासपीठावरही ते उकिडवे बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टुकटुकला आता पुण्याची एक मुलगी आवाज देते. संहिता कोण लिहितं विचाराल, तर मीच.

त्या दिवशी हॉटेलातून निघाल्यावर मी अक्कांना धुळ्याच्या स्टँडवर सोडायला गेलो. त्या नको म्हणाल्या होत्या, तरी गेलो. वाटेत मीच बोलत होतो. सरांना मी इतकी नावं ठेवली की रिक्षावालासुद्धा मागे वळून बघू लागला. ढोंगी, भित्रा, बिनबुडाचा, केळीच्या गावात राहून केळी न कळणारा. शिंदखेड्याची गाडी लागली तरी माझं चालूच होतं. अक्कांनी पायरीवर पाय ठेवला आणि वळल्या. माझ्याशी कायम पुस्तकी मराठीत बोलणाऱ्या अक्का पहिल्यांदाच घरच्या बोलीत बोलल्या.

"त्यास्ले माहीत नव्हतं, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमले बठ्ठं माहीत व्हतं."

आणि आत जाऊन पलीकडच्या खिडकीशी बसल्या.