दुसरा पाय

निसर्गोपचार केंद्रात माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या. पुढ्यात दोन टब, एकात सोसेल इतकं गरम पाणी, दुसऱ्यात गार. मुरगळलेला पाय थोडा वेळ यात, थोडा वेळ त्यात. गरम पाण्यात पाऊल सैलावून लालसर होई, गारात गेलं की अंग चोरून घेई. दर वेळी आजी "आई गं" म्हणत आणि मग स्वतःशीच हसत.

मध्येच त्यांनी दुसरा पायही गरम पाण्यात सोडला.

"आजी, दुखरा पाय तेवढाच," उपचार देणारी मुलगी म्हणाली.

"अगं, तो दुखत होता तेव्हा सगळा भार यानंच वाहिला. याला कुणी विचारलंय?"

खरंच, दुखऱ्याची विचारपूस सगळेच करतात. सांभाळणारा मात्र धडधाकट समजला जातो, घरातसुद्धा.

आजींच्या मागे त्यांची सून उभी होती. खांद्यावर टॉवेल, हातात पिशवी. मघापासून ती भार या पायावरून त्या पायावर टाकत होती. मी उठून माझं स्टूल तिच्याकडे सरकवलं.

"नको, मी ठीक आहे," ती म्हणाली.

आजींनी वळून तिच्याकडे पाहिलं. मग टबातले आपले पाय एका बाजूला घेत म्हणाल्या, "बस. चपला काढ."