सोडलेलं रोप

इंदिरानगरच्या कोपऱ्यावरचा नर्सरीवाला ऊन उतरलं की मिरचीच्या रोपांवर निंबोळी तेल फवारतो. आधी पान उलटवून खाली चिकटलेल्या माव्याच्या किड्यांना हलकेच म्हणतो, "उठा, निघा आता." ओळीतलं शेवटचं रोप मात्र तो कोरडंच ठेवतो. त्यावर मावा इतका दाटतो, की पान दिसत नाही. मला हे नाटक वाटायचं.

काल मी ऐटीत सांगितलं, "घरची सगळी रोपं फवारली मी."

त्याचा पंप थांबला. "एक बी नाय सोडलं?"

"नाही."

"मग त्यांनी जायचं कुठं, ताई?"

मी हसले.

आज सकाळी घरची रोपं स्वच्छ आहेत. मावा दोरीवरच्या माझ्या पिवळ्या ओढणीवर बसलाय. सगळीकडे नाही. मानेला टेकते, तेवढ्याच पट्ट्यात.