शेवटचं पिवळं बिब

“यांना मेरिटचं काय कळणार? स्वतः कोट्यातून आलेल्या.”

खेळायला आलेल्या एका मुलीचा बाप बायकोला म्हणाला, पण मला ऐकू यावं असंच. थोड्याच वेळापूर्वी “अरे वा, ताई, तुम्ही मराठी!” करत आला होता. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. मग गाव विचारलं. मग “अच्छा” म्हणाला. ते “अच्छा” मी लहानपणापासून ओळखते.

२०१६चा हिवाळा. परदेशातलं, बॉटनी डाउन्स या उपनगराजवळचं मैदान. अमेरिकन कॉलेजांसाठी इथल्या शाळांमधल्या फुटबॉल खेळणाऱ्या मुली हेरायच्या, हे माझं काम. ट्रायलमधून निवडलेल्या मुलींना जर्सीवर पिवळी, बिनबाह्यांची बिबं चढवायची, त्यांची मॅच शूट करायची, तिकडच्या कोचना पाठवायची. कोचला आवडली तर स्कॉलरशिप. बाकी सगळी बिबं वाटून झाली होती. एक माझ्या हातात उरलं होतं.

त्याची मुलगी अन्वी. चेंडूवर ताबा छान, पण पास चुकला की आधी बापाकडे बघायची. दुसरी सिना, सामोआ बेटांवरून आलेल्या घरातली. चेंडू पायाशी यायच्या आधीच मान वळवून मागे कोण आहे ते बघून ठेवायची. बिब सिनाचं होतं. मला ते पक्कं माहीत होतं.

माझा बॉस ग्रेग शेजारी होता. त्याला मराठी कुठलं कळायला. “व्हॉट्स ही सेइंग?”

“जस्ट थँक्स,” मी म्हणाले. वर हसले.

शाळेत बाई म्हणायच्या, “स्कॉलरशिपवाले उभे राहा.” आम्ही उभे राहायचो आणि अख्खा वर्ग वळून बघायचा. तेव्हाही मी अशीच हसायचे. वाटायचं, हसलं की लवकर बसवतील.

मग मी बिब अन्वीला दिलं. सिनाला दिलं असतं तर तो म्हणाला असता, बघा, सूड उगवला. जातीवर गेली. मला त्याला मोठं मन दाखवायचं होतं. मोठेपणा माझा आणि किंमत मोजली सिनाने. आजही आठवलं की स्वतःची चीड येते.

त्याने लांबून हात जोडले. सिना बूट काढून जँडल्स, म्हणजे इथल्या स्लिपर, घालत होती. “ऑल गुड, मिस,” म्हणाली. ते मला झोंबलं. असं “ठीक आहे, बाई” म्हणतच मी शाळा संपवली होती.

हाफटाइमला मी ग्रेगला गाठलं. बाप तिथेच होता. तो काय म्हणाला होता ते मी इंग्रजीत सांगितलं, शब्दन् शब्द. कोटा म्हणजे काय, तेही सांगितलं. म्हटलं, “मी घाबरून चुकीची मुलगी निवडली. सिनाला मैदानात उतरवा.”

“ताई, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय.”

“मराठी मलाही येतं,” मी म्हणाले.

अन्वी मागेच उभी होती. इथे वाढलेल्या या पोरी मराठीत बोलत नाहीत, पण कळतं सगळं.

“आय हर्ड हिम टू,” ती म्हणाली. डोक्यावरून बिब काढून माझ्या हातात दिलं. रडत होती. त्या लेकराचा काय दोष? मी सुरुवातीलाच खरं वागले असते तर तिला ते सगळ्यांदेखत उतरवावं लागलं नसतं.

सिना दुसऱ्या हाफमध्ये खेळली. छान खेळली. पण कोचना पूर्ण मॅच हवी असते, तिची अर्धीच गेली. तिकडून काही उत्तर आलं नाही.

ग्रेग म्हणायचा, तू चूक दुरुस्त केलीस ना. नाही केली. अर्धी मॅच मी खाल्ली तिची. बापाने नाही, मी.

आडनाव विचारणारे अजून भेटतात. “अच्छा” म्हणतात. मी हसत नाही. म्हणते, “पुढचंही बोला. तुम्ही बोलाल ते जसंच्या तसं माझ्या बॉसला सांगणार आहे.” आणि बिब जिचं, तिलाच देते. पहिली शिटी व्हायच्या आधी.